चव्वेचाळीस नंबरची कुपी

१

स्लाइड काळीच होती.

शाईस्तानं सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला, भिंग पुसलं आणि पुन्हा डोळा लावला. मंगळवारी याच पेशींवर हिरवे ठिपके उमटले होते, बाभळीवर काजवे बसावेत तसे. आज शुक्रवार. आज तिथं अमावास्या होती.

"दिसतंय का काही?" मागून भारत सरांनी विचारलं. ते विभागप्रमुख. बीडच्या त्या महाविद्यालयात मागच्या बाजूला, जिन्याखालच्या खोलीत ही प्रयोगशाळा त्यांनीच खटपट करून उभी केलेली. साथीच्या वर्षांत ज्यांचा वास गेला तो परत आलाच नाही, अशा माणसांच्या नाकात नेमकं काय उरलंय, हे इथं शोधलं जात होतं.

"नाही सर."

"पुन्हा लाव."

"हे पुन्हाच लावलेलं आहे, सर."

खोलीत दुसरी संशोधक तेजश्री हातमोजे काढत उभी होती. तिनं अगदी हळू, विचारायचं म्हणून विचारलं, "मंगळवारचा फोटो याच सतरा नंबरचा होता ना गं?"

प्रश्न साधा होता. पण तो ऐकून भारत सरांनी शाईस्ताकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यातच त्याचं उत्तर ठरून गेलं.

भारत सर खुर्चीत बसले. "सोमवारी अनुदान समिती येतेय. त्यांच्यासमोर सतरा नंबर चमकला तर प्रश्न मिटला. नाही चमकला, तर मंगळवारचा फोटो आला कुठून, हे मला लेखी द्यावं लागेल. फोटो बनावट, असंच लिहावं लागेल, शाईस्ता. मग प्रकल्प जाईल. आणि तुझ्या नावाला जे लागेल ते निघायचं नाही."

शाईस्तानं मान हलवली. दोन वर्षांचं काम त्या काळ्या काचेत कुठं बुडालं, ते तिला कळत नव्हतं.

२

सतरा नंबरच्या पेशी वनमालाबाईंच्या होत्या.

बाई रसायनशास्त्र शिकवायच्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. साथीत एकाच आठवड्यात त्यांचा वास गेला आणि यजमान गेले. यजमान टाळकरी. उभा जन्म कीर्तनात मागच्या रांगेत उभं राहून टाळ धरला. त्यांचं उपरणं बाईंनी ट्रंकेत, पितळी डब्यात घालून ठेवलं होतं. त्यात बुक्क्याचा वास मुरलेला. मुरलेला असणार. बाईंना तो येत नव्हता, आणि येतो का, हे त्यांनी आजवर कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं आणि समोरचा "नाही" म्हणाला, तर मग डब्यात फक्त कापड उरतं.

रोज सकाळी त्या लवंग, गुलाब, लिंबू, निलगिरी अशा चार डब्या नाकाशी धरायच्या. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. चारी डब्या मुक्या. जप करणाऱ्याला देव रोज कुठं भेटतो, असं म्हणून त्या डब्या मिटायच्या आणि एकटीचा चहा ठेवायच्या. चहासुद्धा नुसता गरम लागायचा.

शनिवारी तपासणीसाठी आल्या, तर शाईस्ता पायरीवर बसलेली. ती त्यांची विद्यार्थिनी. अत्तरवाल्या मैनुद्दीनची मुलगी. बाई शेजारी टेकल्या. शाईस्तानं सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या नाकात काही उरलेलं नाही?" बाईंनी विचारलं.

"मंगळवारी होतं बाई. खरंच होतं."

"मी खोटं म्हणाले का? चल, आत चल. अगदी पहिल्यापासून सांग, मला काहीच येत नाही असं समजून."

शाईस्तानं रजिस्टर उघडलं. "माणसाच्या नाकात चारेकशे प्रकारचे वास पकडणारे रिसेप्टर असतात. आपण त्यातला एक धरलाय. त्याला आम्ही चव्वेचाळीस म्हणतो. तो पेशीवर आहे की नाही हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून या कुपीतली ही अँटिबॉडी. ती फक्त चव्वेचाळीसलाच ओळखते आणि त्यालाच मिठी मारते. तिच्या अंगाला रंग लावलेला असतो. मिठी बसली की तिथं हिरवं चमकतं."

"आणि ती दुसरी कुपी?"

"ती हिची जोडीदार. त्यात चव्वेचाळीसचाच एक तुकडा आहे, नुसतं प्रोटीन. ते पडताळणीसाठी. अँटिबॉडीत आधीच ते मिसळलं तर ती त्यालाच मिठी मारून बसते. मग स्लाइडवर काही चमकत नाही. तसं झालं तर आधीचं चमकणं खरं धरायचं. पण ती पडताळणी अजून केलीच नाही. पुढच्या आठवड्यात करणार होते."

"दोन्ही कुप्या सारख्याच दिसतात."

"मीच तसं केलंय. प्रत्येक जोडीला एका रंगाचं टोपण. चव्वेचाळीसला हिरवं, पंचेचाळीसला पिवळं. म्हणजे जोड्या चुकायच्या नाहीत. उजेड लागू नये म्हणून वर चंदेरी कागद, आणि कागदावर मोठा नंबर. बाकी कंपनीचं बारीक इंग्रजी आत."

बाईंनी रजिस्टरवर बोट फिरवलं. मंगळवारी बाविसाव्यांदा वापर. शुक्रवारी तेविसाव्यांदा. दर वेळी चार मायक्रोलिटर. टाचणीच्या डोक्याएवढं.

"मधले दोन दिवस तू कुठं होतीस?"

"तेलगावला. नमुने घ्यायला गेले होते."

"आणि खोलीत कोण होतं?"

शाईस्तानं तीन बोटं वर केली. "तेजश्री. परिचर सटवाभाऊ. आणि बुधवारी फ्रीज बंद पडला म्हणून मुबीनभाई."

३

मुबीन फ्रीजवाला बशीरगंजात दुकानाच्या दारातच एका कॉम्प्रेसरशी झटत होता. बाईंना पाहून उठला, स्टूल पुसून दिलं.

"गॅस गेलता बाई. बाराला आलो, चारला चालू करून दिला."

"चार तास. आतलं सगळं तापलं असेल."

"न्हाई न्हाई. सटवाभाऊनं माझ्यासमोर डबे काढले, थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून ठेवले. असं धरून चालत होता, जणू काय नवी नवरी उतरवायलाय. मी म्हनलं, सटवाभाऊ, पडली तर काय बाँब फुटतो का? तर मला म्हनतो, मुबीन, तुझ्याकडं मशिदीतलं पानी दिलं असतं तर तू असंच नेलं असतंस."

"तू आत हात घातलास?"

"मी मागची बाजू बघतो, बाई. आत कोन बसलंय ते फ्रीज मला कशाला सांगंल?" मग त्याचा चेहरा उतरला. "माझ्यामुळं झालं का काही? मैनुद्दीनचाचाची पोर हाय ती. आमच्या गल्लीत कोणी इतकं शिकलं न्हाई."

बाई परत प्रयोगशाळेत आल्या आणि त्यांनी फ्रीज उघडून बघितला. खण नीटनेटके. हिरव्या टोपणांची जोडी, पिवळ्यांची जोडी, लालांची जोडी. सगळ्यात मागं, बर्फाच्या पिशवीला टेकून, चंदेरी कागदाची करंगळीच्या पेराएवढी गुंडाळी. तिच्यावर कापसाची वात बांधलेली. नंबर नाही.

"हे काय गं?"

"असेल रिकामी नळी. भारत सरांच्या जुन्या सामानातली." शाईस्ताचं लक्ष नव्हतं. "बाई, कागद उघडू नका कुठलाही. उजेड लागला तर उरलंसुरलं जाईल."

बाईंनी दार लावलं. तापून बिघडली असती, तर चव्वेचाळीस एकटी कशी बिघडेल? फ्रीज काही एकीपुरता बंद पडत नाही. पण बाकीच्या कुप्या धड आहेत की नाहीत, हे कुणी पाहिलंय का?

पाहिलं होतं. आणि जिनं पाहिलं होतं, तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

४

तेजश्री उपाहारगृहात खिडकीजवळ एकटीच जेवत होती. डबा वसतिगृहाचा. बाईंनी समोर बसायची परवानगी मागितली.

"मलाच विचारायला येणार, ठाऊक होतं," ती म्हणाली. "हो. तिच्या जागेसाठी मीही अर्ज केलेला. तिला मिळाली. आता तिचं नाव खराब झालं तर मला मिळेल. गुरुवारी दिवसभर मी खोलीत एकटी होते. झालं का तुमचं?"

"नाही. अजून तू जेवलेली नाहीस."

तेजश्रीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "काल ती घरी गेल्यावर मी पंचेचाळीस नंबर लावून पाहिला. माझ्या हातानं. छान चमकतोय."

"कुणाला सांगितलंस?"

"कसं सांगू? फ्रीज बिघडल्यामुळं झालं, एवढी एकच पळवाट तिच्याकडं होती. मी तोंड उघडलं की तीही बंद. आधीच सगळे म्हणतात, काल मीच तो प्रश्न विचारून तिला मारलं." तिनं खिडकीकडं पाहिलं. "मला तिची जागा हवी होती, मॅडम. पण अशी नको. आणि एक सांगू? मला तिचं वाटोळं करायचंच असतं, तर कुपी तासभर उन्हात ठेवली असती. कुणाला पत्ता लागला नसता."

बाईंना ते पटलं. जाणत्या माणसाकडं बिघडवण्याच्या शंभर वाटा होत्या, त्याही कसलाही माग न ठेवता.

"तू तिच्याशी बोलत का नाहीस?"

"ती माझ्याशी बोलत नाही."

"तिचंही हेच म्हणणं आहे," असं म्हणून बाई उठल्या.

५

सटवा गुरव खोलीचा परिचर. पन्नाशी उलटलेला, करारावरचा. मांजरसुंब्याकडच्या एका वाडीतला; बायको वारली, लेक पुण्याला कंपनीत, आणि हा गांधीनगरात एका खोलीत एकटा. बाई प्रयोगशाळेत गेल्या तेव्हा तो पिपेटची प्लॅस्टिकची टोकं डब्यात एकेक करून उभी करत होता.

"पानी घ्या बाई." माठ काठोकाठ. बाईंनी इकडंतिकडं पाहिलं. हात धुवायच्या साबणाची बाटली गळ्यापर्यंत भरलेली. स्पिरिटची तशीच. ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन तसाच. भारत सरांच्या टेबलावरची शाईची दौतसुद्धा.

"सगळं भरून ठेवतोस रे."

"रिकामं दिसलं की जिवाला बरं वाटत न्हाई." तो हसला. "सवय हाय. आमच्या घराण्याकडं देवळातला दिवा होता. आज्ज्याचा आज्जा सांभाळायचा. तेल उतरू द्यायचं न्हाई, हे एकच काम. मी आजारी पडलो, लग्नाला गेलतो, बायको गेली त्या दिवशीबी, दिवा इझला न्हाई."

"आता कोण बघतं?"

"आता बटन हाय. कमिटीनं बल्ब लावला, वातीसारखा हालतोय. लई खरा दिसतो." त्यानं आणखी एक टोक डब्यात उभं केलं. "मला म्हनले, सटवा, तुझा त्रास वाचला."

बाईंनी पाण्याचा पेला हातात घेतला. त्यांनाही साथीत पुष्कळ जण म्हणाले होते, त्रास वाचला.

"वात बदलताना काय करायचास? तेव्हा तर विझायचाच."

"आं? न्हाई. आधी त्याच्यावरूनच एक बारका दिवा लावायचा, बाजूला ठेवायचा. राखणीचा दिवा. मग मोठ्याची वात बदला, तेल घाला, काय करायचं ते करा. मोठा इझला, तर राखणीवरून पुन्हा लावायचा. म्हंजे ज्योत तीच राहती." त्यानं टोकांचा डबा बंद केला. "शाईस्ताताईचं मिटंल का वो? पोरगी रातध्याड राबती. मंगळवारी जाताना म्हनली, सटवाभाऊ, चव्वेचाळीस संपत आलंय, कसं करू. तिचा चेहरा बघवंना."

बाईंनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. सटवानं तो लगेच पुन्हा भरला.

६

रविवारी संध्याकाळी आळीतल्या मारुतीसमोर कीर्तन होतं. बाई नेहमीप्रमाणे बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून बसल्या. शेजारणीनं कपाळाला बुक्का लावला. तिचं गार बोट तेवढं कळलं.

डोक्यात मात्र तेच चालू होतं. मुबीन नाही. तेजश्री नाही. शाईस्तानं खोटा फोटो केला असता, तर ती शुक्रवारी सगळ्यांसमोर पुन्हा लावायला बसली नसती. मग कोण?

बुवा निरूपणात रंगले होते. सत्तरीचे, आवाज फाटका, पण मायेनं भरलेला. उपरण्याचा शेव हातात घेऊन सांगत होते, "एक भक्त देवाच्या दारात गेला. देव म्हणाला, ये, मिठी मार. तर ह्याच्या दोन्ही हातांत गाठोडं. गाठोड्यात काय होतं माय, माहितीये? देवाचीच मूर्ती. छोटी, पितळेची. तिलाच असं छातीशी धरलेलं. देव समोर उभा, आणि हात मोकळे नाहीत."

टाळ वाजले. मृदंगानं उचल घेतली.

वनमालाबाई उठल्या. आरतीआधी कीर्तनातून त्या आयुष्यात कधी उठल्या नव्हत्या. पायातली चप्पलसुद्धा भलतीच घातली, आणि रस्त्यावर येऊन शाईस्ताला फोन लावला. "प्रयोगशाळेत ये. तेजश्रीलाही आण."

"बाई, ती नाही येणार."

"माझं नाव सांग."

दोघीही आल्या. एकमेकींकडं न पाहता उभ्या राहिल्या. बाईंनी खिडक्या लावायला सांगितल्या, कोपऱ्यातला बारका दिवा तेवढा ठेवला.

"शाईस्ता, कुपीत मुळात किती होतं?"

"शंभर मायक्रोलिटर."

"तेवीस वेळा चार चार काढलंस. ब्याण्णव. उरले आठ. तू शुक्रवारी आत पाहिलंस?"

"पाहता कुठं येतं. कागद आहे. नुसतं टोक बुडवलं."

"आता कागद काढ. क्षणभरच."

चंदेरी कागद सुटला. तेजश्री खाली वाकली. तळाशी एक थेंब असायला हवा होता, तिथं कुपी निम्म्याहून जास्त भरलेली होती.

"आता जोडीदार."

प्रोटीनची कुपी, जिला अजून कुणी हात लावला नव्हता, जी भरलेली असायला हवी होती. ती निम्मी उतरलेली.

"कुणीतरी हे त्यात ओतलंय," शाईस्ता पुटपुटली. "म्हणून अँटिबॉडीची मिठी आधीच..."

"हात मोकळे नव्हते," बाई म्हणाल्या. "आता सांगा. जाणत्यानं केलं असतं तर पातळी वाढू दिली असती? नसती. ओतणाऱ्याला लपवायचंच नव्हतं. त्याला या दोन कुप्या एकच वाटल्या. एकच नंबर, एकाच रंगाचं टोपण. एक संपत आलेली, दुसरी शेजारी भरून नुसतीच पडलेली. ज्याला पिपेट धरता येतं, पण बारीक इंग्रजी वाचता येत नाही. आणि रिकामं भांडं ज्याला बघवत नाही."

दोघींनी एकाच वेळी माठाकडं पाहिलं.

"पण बाई," शाईस्ता म्हणाली, "कळून काय उपयोग? अँटिबॉडी गेलीच ना. नवी यायला दीड महिना लागेल. समिती उद्या आहे."

बाई फ्रीजकडं वळल्या होत्या. "गेली की नाही, ते मला सटवालाच विचारायचंय."

७

सटवानं दार उघडलं तेव्हा त्याच्या खोलीत समई तेवत होती, आणि तिच्या शेजारी एक बारकी पणती. बाईंनी सगळं सांगितलं, हळू, वर्गात अवघड समीकरण सांगावं तसं. सटवा भिंतीला टेकून खाली बसत गेला.

"मला वाटलं, तेल घातलं," तो म्हणाला. "बुधवारी बर्फात ठेवताना टोपण उघडून बघितलं. एकाच्या तळाला थेंबभरच. दुसरं भरलेलं. म्हनलं, पोरगी तेलगावहून येईस्तोवर भरून ठेवू. तिला आनंद होईल." त्यानं तळहात पाहिले. "ह्याच हातांनी इझवलं मी."

"सटवा. ओतायच्या आधी काय केलंस?"

त्याला क्षणभर प्रश्नच कळेना. मग त्यानं मान वर केली.

"आधी राखण काढली," तो म्हणाला. "तशी तर काढावीच लागती. पाच काढलं, जुन्यातलं. बारक्या नळीत. मागं ठेवलंय, बर्फाला टेकून."

"वात बांधून."

"मग काय बांधणार? दिवा हाय म्हनल्यावर."

बाईंना हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही त्यांनी पदरात आवरलं. "उद्या मी सांगते सगळ्यांना. तुझं नाव न घेता सांगता येतं का, बघते."

"नगं बाई." सटवा उठून उभा राहिला. "पोरीचं नाव पुसायचं तर माझं लिहावं लागतं. मीच सांगतो."

सोमवारी समितीचे तीन जण आले. पाचातले चार मायक्रोलिटर, एकाच काचेपुरते. आधी लावून बघायची सोय नव्हती. तेजश्रीनं शाईस्तासमोर नळ्या मांडल्या, वेळ मोजायला घेतली. दोन तास गेले. सटवा दाराशी उभा होता. त्यानं सगळं सांगून टाकलं होतं. समितीच्या अध्यक्षबाईंनी दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं.

शाईस्तानं डोळा लावला. लावून तशीच राहिली.

"दिसतंय का?" भारत सरांनी विचारलं.

ती बाजूला झाली. आधी अध्यक्षबाई पाहतील म्हणून सगळे थांबले, पण त्या म्हणाल्या, "ज्यांच्या पेशी आहेत, त्यांना पाहू द्या."

वनमालाबाई वाकल्या. अंधारात हिरवे ठिपके होते. थोडे, विखुरलेले, पण होते.

अध्यक्षबाईंनी पाहिलं, मग शुक्रवारची काळी काच मागवली आणि तीही पाहिली. "हिच्यात प्रोटीन मिसळलेली अँटिबॉडी होती, बरोबर? म्हणजे ही तुमची पडताळणीच झाली. मिसळली तर काळी, न मिसळली तर हिरवी. मंगळवारचा फोटो खरा आहे." त्यांनी दाराकडं पाहिलं. "हे एका आठवड्याचं काम होतं. यांनी बुधवारीच करून ठेवलं."

कुणी हसलं नाही. शाईस्ता म्हणाली, "आणि पहिल्याच दिवशी थोडं काढून वेगळं ठेवायचं असतं, असं पुस्तकात लिहिलंय, मॅडम. थेंब नळीला चिकटून वाया जातील म्हणून मी ठेवलं नाही. त्यांनी ठेवलं."

तरीही भारत सरांनी त्या दिवशी फ्रीजला कुलूप लावलं, आणि किल्ली तेजश्रीकडं दिली. नियम नियम असतो. सटवाला काढलं नाही, पण फ्रीजला हात लावायचा नाही, असं लेखी दिलं. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि माठ भरायला गेला.

बाहेर पडताना बाईंनी शाईस्ताला विचारलं, "मग वास येईल मला?"

"ते नाही सांगता येत, बाई. येईलच असं नाही. दार आहे, एवढं दिसलंय. उघडेल का, माहीत नाही."

"खोटं बोलली नाहीस, बरं केलंस."

गुरुवारी कीर्तन होतं. बाई लवकर आल्या. पुरुषांच्या बाजूला, अगदी मागं, सटवा बसलेला. बाईंनीच ये म्हटलं होतं. अजून टाळ आले नव्हते, सतरंजी निम्मी मोकळी होती. बाई मधली जागा ओलांडून त्याच्याजवळ गेल्या आणि पिशवीतून पितळी डबा काढला.

"यांचं उपरणं आहे. बुक्क्याचा वास आहे का अजून, बघ."

विचारून झाल्यावर त्यांना वाटलं, विचारायला नको होतं. पण सटवानं हात धोतराला पुसले होते, झाकण काढलं होतं. त्यानं उपरणं बाहेर घेतलं नाही. डबाच वर उचलून, डोळे मिटून नाकाशी धरला. बराच वेळ धरला. बाई त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या.

त्यानं झाकण लावलं, घट्ट दाबलं, आणि डबा दोन्ही हातांनी परत दिला.

"हाय," तो म्हणाला. "थोडा हाय. राखणीपुरता."